शाकाहारी आई-बाबांचं स्पेनमध्ये तापासवर, म्हणजे बारमध्ये मिळणाऱ्या छोट्या ताटल्यांवर, भागेल का, की बसून जेवायची हॉटेलं शोधू?

भागेल, पण काउंटरशी उभं राहून खायची तयारी हवी. टेबल अडवून बसायचं आणि मग तापासला नावं ठेवायची, हे मला अजिबात पटत नाही.

२०१९ मध्ये ताई, दाजी आणि मी सेव्हियाला होतो. दाजींना सातला जेवण हवं. तिथे रात्रीचा स्वयंपाकच साडेआठ-नऊला सुरू होतो. कसंबसं थांबले, तर म्हणे, "उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही." मग एका ठिकाणी बाहेरचं टेबल धरलं. तिथे टेबलावर फक्त रासिओन, म्हणजे मोठी ताटली. छोटी ताटली, म्हणजे तापा, हवा तर आत काउंटरवर. बटाट्याचे ब्राव्हास आले, ते दाजींना तिखट लागले. क्रोकेतास, म्हणजे तळलेले गोळे आले, त्यात हॅम निघालं. दाजी पाव चावत बसले आणि नंतर हॉटेलवर जाऊन झोपले.

मी ताईला घेऊन एल रिंकोन्सियोला गेले. १६७० सालापासूनचा बार. पालक आणि छोले मागवले. लसूण, जिरं, तळून वाटलेला पाव, सगळं मिळून आलेलं. ताई पहिल्या घासाला म्हणाली, "अगं, ही तर आपलीच पातळभाजी!" हिशोब त्यांनी समोर लाकडावरच खडूने मांडला. पुढच्या बारमध्ये वांग्याचे तळलेले काप, वरून उसाची काकवी. तिसरीकडे पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या, तेलात परतून जाडं मीठ घातलेल्या. पोट भरलं, शिवाय तीन बार पाहून झाले. तापासची गंमतच ती आहे, एका जागी एकच खायचं आणि पुढे निघायचं.

घरच्या प्रत्येक कार्यात दाजी सांगतात की हिने आम्हाला स्पेनमध्ये उपाशी ठेवलं. उपाशी ते एकटे राहिले, आम्ही दोघी नाही.

हो, अंडं चालत नसेल तर तोर्तिया, म्हणजे तिथलं बटाट्याचं ऑम्लेट, वगळा. साल्मोरेखो या टोमॅटोच्या थंड सूपवर हॅम आणि अंडं भुरभुरतात, आधीच नको म्हणा. नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हटलं तर ट्यूना येऊ शकतो, म्हणून 'सिन हामोन, सिन पेस्कादो' (हॅम नको, मासे नकोत) हेही पाठ करा. ग्रानादात पेयाबरोबर तापा फुकट मिळतो, पण काय द्यायचं ते बहुतेकदा बारवाला ठरवतो. सान सेबास्तियानला मासे फार, तिथे जरा जडच जाईल.

आणि आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खुशाल बसवा. दाजींचे दुखत नाहीत, ते रोज पर्वती चढतात.