ब्लाइंड (शिकाऱ्याने लपायचा आडोसा) नसताना बोने (धनुष्यबाणाने) टर्की हा रानपक्षी मारायचा तर
अरे अमेरिकेतल्या मिसूरीत स्प्रिंग सीझनला पहिल्यांदाच बो घेऊन बसतोयस ना, मग महागड्या कॅमोच्या (झाडाझुडपात मिसळून जाणाऱ्या कपड्यांच्या) मागे नको लागू, टर्कीला वास फारसा येत नाही पण नजर भयंकर, रंगसुद्धा दिसतात, त्यामुळे आधी चेहरा नि हात झाक. खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून सावलीत बस, पुढ्यात थोड्या फांद्या खोव. खरी गोची बो ओढताना होते! डिकॉय (नकली टर्की) १०-१५ यार्डांवर लाव, नर पिसारा फुलवून पाठमोरा झाला किंवा डोकं झाडाआड गेलं की तेवढ्यातच ओढायचं, घाई करून मी दोनदा पक्षी घालवलाय. आणि लाल, पांढरं, निळं काहीच घालू नकोस, मोजेसुद्धा नाही, नराचं डोकं त्याच रंगांचं असतं, दुसरा शिकारी फसून तुझ्यावरच गोळी झाडेल.