शाळेतल्या हाऊसची, म्हणजे स्पर्धांसाठी पाडलेल्या मुलांच्या गटाची, जबाबदारी पहिल्यांदा घेताय?

हाऊसला संताचं नाव आहे म्हणून लगेच ‘सेवा’, ‘धैर्य’ असे शब्द फळ्यावर लिहू नका. आधी माणूस सांगा. ठाण्यातल्या मुलांसाठी मी गोन्सालो गार्सिया यांच्यापासून सुरुवात करते. ते वसईचे, म्हणजे घोडबंदरच्या खाडीपलीकडचेच. जपानमध्ये व्यापार केला, तिथली भाषा चांगली शिकले आणि फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्याशांच्या संघात ब्रदर झाल्यावर मिशनऱ्यांचे दुभाषी झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २५ सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. यातून धैर्य सगळेच काढतात. मला त्यांचं भाषा शिकणं जास्त मोलाचं वाटतं. नुकतं परराज्यातून आलेलं, मराठी न येणारं मूल वर्गात असतंच. त्याच्या भाषेतली चार वाक्यं शिकून त्याच्याशी बोलणाऱ्याला हाऊसचे गुण द्या, नुसते खेळाचे नकोत.

गरीब मुलांसाठी काम करणारे इटलीतले धर्मगुरू डॉन बॉस्को मुलांना पटकन आवडतात. लहानपणी ते कसरती आणि हातचलाखीचे खेळ दाखवून मुलं जमवायचे. मदर तेरेसा ठाऊकच असतात, तिथे फार वेळ घालवू नका.

वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात. त्यामुळे चमत्कार बाजूला ठेवा, त्या माणसाने काय केलं तेवढं सांगा. पालकांनी विचारलं तर हेच सरळ समजावा.