मावशी, मित्राला केंद्रातून उचलून आणू का?

मावशी, नमस्कार.

मी औसा तालुक्यातला, वय 34. आधी चाकणला कंपनीत होतो. दोन वर्षं झाली गावी परत आलोय, ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान टाकलंय. माझा एक जिवाभावाचा मित्र आहे. नाव लिहीत नाही, बंडू म्हणा. बालवाडीपासून बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर. सातवीत असताना तो आमच्या विहिरीत बुडत होता. मी उडी टाकून धरलं, पण त्यानं माझ्या गळ्याला असा विळखा घातला की दोघंही खाली जायला लागलो. मग आजोबांनी वरून कासरा टाकला. तेव्हापासून गाव मला 'सुपरहिरो' म्हणतंय. त्या गणपतीत पाठीला टॉवेल बांधून मला स्टेजवर पण उभं केलं होतं.

2021 च्या एप्रिलमध्ये बंडूचे वडील लातूरला कोरोनानं वारले. त्याच वर्षी तो एका महाराजांच्या केंद्रात जायला लागला. आधी गुरुवारी, मग रोज, आता दीड वर्ष झालं तिथंच राहतोय. मोबाइल जमा करून घेतलाय. पहाटे 3 ला उठवतात. बायको मुलीला घेऊन निलंग्याला माहेरी गेली. आईची शुगरची गोळी बंद करून तिला अंगारा दिलाय. चार एकरातली दोन एकर 'सेवेत' देणार म्हणतो. मी भेटायला गेलो तर मला म्हणाला, "तू अजून झोपीतच हाईस गड्या." त्याचं पूर्ण ब्रेनवॉश झालंय, मावशी.

मी ठरवलंय. पाच पोरं, एक बोलेरो, रात्रीतून उचलायचा आणि आठ दिवस माझ्या शेतातल्या आखाड्यावर ठेवायचा. नाहीतर गुरुवारी भर सभेत माइक हिसकून महाराजाचं पितळ उघडं पाडायचं, फेसबुकवर लाइव्ह. यातलं काय करू?

— सुपरहिरो, ता. औसा

*

अरे सुपरहिरो,

दोन्ही करू नकोस. बोलेरो ज्याची त्याला परत दे आणि मग पुढचं वाच.

माणूस उचलून आणायची ही कल्पना तुझ्या आधी बऱ्याच जणांना सुचलेली आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात तो चक्क धंदा झाला होता. पोरगं कुठल्या पंथाला लागलं की आईबाप पैसे मोजून त्याला पळवून आणायचे, खोलीत कोंडायचे, आणि रात्रंदिवस वाद घालून त्याच्या डोक्यातलं 'उतरवायचे'. टेड पॅट्रिक नावाचा माणूस त्यात फार गाजला आणि त्यापायी तुरुंगातही जाऊन आला. काही पोरं सुटली. काही मात्र कडी निघाल्याबरोबर पळाली ती थेट पंथातच, आणि त्यांनी उलट खटले भरले. पुढे ती पद्धत मागे पडली. तुझ्या बंडूला तर कुणी पोरगंही म्हणणार नाही. सज्ञान, बायका-लेकराचा माणूस. त्याला आखाड्यावर कोंडलास तर फिर्यादी तो, आरोपी तू, आणि महाराजांना वर्षभर पुरेल एवढा प्रवचनाचा मसाला.

माइकचंही तेच. 1954 साली शिकागोकडे एका बाईनं सांगितलं होतं, 21 डिसेंबरला महापूर येणार, सगळं बुडणार, आपल्याला तेवढं उडत्या तबकडीतून न्यायला येतील. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं त्या मंडळीत आपली माणसं मिसळून ठेवली होती, पुढे काय होतं ते बघायला. पूर आला नाही, तबकडीही आली नाही. तुझ्या हिशेबानं लोकांनी त्याच रात्री बाईला शिव्या घालत घरी जायला पाहिजे होतं, कारण यापेक्षा पितळ अजून काय उघडं पडायचं? काही गेलेही. पण ज्यांनी नोकऱ्या आणि घरदार सोडलं होतं, ते जास्तच पक्के झाले, असं फेस्टिंगरनं लिहिलंय. आपल्या श्रद्धेमुळं जग वाचलं म्हणून पेपरवाल्यांना फोन करायला लागले. बंडूनं बायको गमावलीय, लेक गमावलीय, आता जमीन द्यायला निघालाय. 'महाराज खोटे' एवढं म्हणायला त्याला दोनच शब्द लागतील. पण ते म्हटलं की हे सगळं मातीत गेलं हेही त्याच दमात कबूल करावं लागतं. चारचौघांत, तुझ्या मोबाइलसमोर, कोण करील?

तो 'ब्रेनवॉश' शब्द पण जरा बाजूला ठेव. एडवर्ड हंटर नावाच्या अमेरिकन पत्रकारानं 1950 मध्ये चीनबद्दल लिहिताना तो चालू केला. ऐकताना वाटतं, कुणीतरी कवटी उघडून आतली पाटी पुसून टाकली. तसं काही नसतं. तूच लिहिलंयस बघ काय असतं ते: पहाटे 3 ला उठवतात, मोबाइल नाही, बायको नाही, दिवसभर तीच माणसं, तेच बोलणं. अपुऱ्या झोपेवर दीड वर्ष काढलेल्या माणसाचे डोळे तसे दिसणारच. आत बंडू आहे तसा आहे. 'गड्या' म्हणाला ना तुला?

आता जे तू एका ओळीत उरकलंस त्याकडे येते. 2021 चा एप्रिल.

ते दिवस मी परभणीला काढलेत. ऑक्सिजनच्या बेडसाठी लोक रात्रभर गाडीत बसून असायचे. माणूस गेला की घरच्यांना धड तोंड बघायला मिळायचं नाही. किट घातलेली चार माणसं न्यायची आणि उरकायची. नंतर त्या घरावरनं जाताना लोक रुमाल नाकाला लावून पलीकडच्या कडेनं जायचे. दहावं नाही, तेरावं नाही, ओसरीवर सतरंजी टाकलेली आणि तिच्यावर बसायला कुणी नाही. बंडूच्या दारात त्या वेळी पहिलं कोण आलं, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. मी पैज लावते, केंद्राची माणसं आली असतील. बसली असतील, त्याच्या आईला 'माय' म्हणाली असतील, पोह्याची पिशवी ठेवून गेली असतील, दुसऱ्या दिवशी परत आली असतील. तू चाकणला होतास. लॉकडाऊन होतं, येणं शक्य नव्हतं, मी दोष देत नाही. पण बंडूच्या वहीत हजेरी त्यांची लागली, तुझी नाही. महाराजांचं तत्त्वज्ञान त्यानं नंतर घेतलं असेल. आधी त्यानं ती सतरंजीवर बसलेली माणसं घेतली.

म्हणून त्याला पहिलं सांगायचं वाक्य महाराजांबद्दलचं नको. 'अण्णा गेले तेव्हा मी आलो नाही रे' हे सांग. चार वर्षं उशीर झालाय, झाला तर झाला.

माझी धाकटी जाऊ अशीच एका ठिकाणी चार वर्षं होती. (कुठं ते विचारू नकोस, आता तिचा संसार नीट चाललाय.) दिरानं तिथं जाऊन तमाशा केला, तर तिला आतल्या खोलीत हलवलं आणि सहा महिने कुणाची भेट नाही. सासूबाई मात्र शहाण्या. दर पंचमीला आणि दिवाळीला डबा पाठवायच्या. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि वर चिठ्ठी: 'तुझी काळी म्हैस व्याली.' एवढंच. ये नाही, जा नाही. मी एकदा डबा घेऊन गेले तेव्हा मला राहवलं नाही, पण भांडले नाही. एवढंच विचारलं, "ताप आला तर इथं कोण बसतं गं उशाशी?" तिनं उत्तर दिलं नाही. दोन वर्षांनी तिला मलेरिया झाला. 102 ताप अंगात असताना पहाटेच्या हजेरीला गेली नाही म्हणून वहीत तिच्या नावापुढं लाल फुली मारली आणि दंड लावला. ती म्हणते, 'ती फुली बघितली आणि मला तुमचा आवाज ऐकू आला.' तिसऱ्या दिवशी पाथरीच्या एस.टी.त बसून घरी आली. सासूबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "हातपाय धू, पिठलं केलंय." महिनाभर कुणी एक शब्द विचारला नाही. अवघड तर तेच होतं, कारण आमच्या घरात सगळ्यांच्याच जिभा लांब.

तूही प्रश्न विचारायला शीक. उत्तरं देऊ नकोस. तो म्हणाला ना, तू झोपीत हाईस? म्हणावं, "असंन बाबा. तू किती तास झोपतोस?" आणि गप्प बस. त्याच्या मुलीला दोन ओळी लिहायला सांग, मांजराबद्दल, शाळेबद्दल. त्यात 'पप्पा परत या' नको. ते तिला लिहावंसं वाटेल, तरी नको.

हे सगळं सावकाश. पण दोन गोष्टी सावकाश करायच्या नाहीत, आणि तुझ्या पायात एवढी वीज आहे तर ती तिथं वापर.

पहिली म्हणजे त्याची आई. हे पत्र छापून येईपर्यंत थांबू नकोस. तिला गाडीवर बसव आणि ग्रामीण रुग्णालयात ने, शुगर तपासून घे. जुनी गोळी आपल्या मनानं चालू करू नका, किती द्यायची ते डॉक्टर ठरवतील. अंगाऱ्यावरून तिच्याशी वाद नको. "माय, अंगारा कपाळाला लाव आणि गोळी पोटात घे, दोघांचं काही भांडण नाही," असं सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला पटतं.

दुसरी जमीन. सातबारा काढ. वडील गेल्यावर वारसाचा फेरफार झालाय का, त्यात आईचं नाव लागलंय का, बहीण असेल तर तिचं लागलंय का, ते बघ. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर बायको, मुलगा आणि मुलगी हे सारखेच वारस. बंडू देऊन देऊन फार तर स्वतःचा हिस्सा देऊ शकतो, आईच्या वाट्याला तिच्या सहीशिवाय हात लावता येत नाही. सही घ्यायला कुणी गोड बोलत घरी येईल, तेव्हा त्या माउलीला आधीच सांगून ठेव. तालुका विधी सेवा समितीकडून बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्याच्या बायकोलाही हे कळव. पोटगीचा तिचा हक्क नवरा केंद्रात बसला म्हणून सुटत नाही. फक्त तिचा निर्णय तिला घेऊ दे, तिचाही सुपरहिरो व्हायला जाऊ नकोस.

पोलिसांत जायचं का? आपल्याकडं जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या, आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर तो आधी वटहुकमानं आला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तो सरसकट सगळ्यांना लागत नाही. भजन, कीर्तन, प्रदक्षिणा, वारी यांना त्यात कुणी अडवलेलं नाही, आणि पहाटे 3 ला उठणं हा गुन्हा नाही. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, असलं काही तिथं घडताना कुणी डोळ्यांनी बघितलं असेल तर तारीख-वार लिहून ठेव आणि मग जा. नुसत्या रागावर जाऊ नकोस. अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांना आधी भेटलास तर कोणती तक्रार टिकते ते ते सांगतील.

कुणी म्हणेल, मावशी, गुरू करणंच वाईट का? मी पैठणच्या मुलखातली, मी कशाला म्हणेन. एकनाथ महाराज पोरवयात घर सोडून देवगिरीला जनार्दन स्वामींकडं गेले. स्वामींनी शिकवलं, तीर्थयात्रा घडवली, आणि शेवटी काय सांगितलं तर पैठणला जा, लग्न कर, संसार कर. ज्या केंद्रातून माणूस घरी परत पाठवला जात नाही तिथल्या गुरूला हे एवढंच विचारावंसं वाटतं मला. पण हेसुद्धा बंडूला आत्ता ऐकवू नकोस. तुला पाठ होईल आणि तू त्याच्या तोंडावर फेकशील, ओळखते मी.

आणि विहिरीचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू लिहिलंयस, 'मी उडी टाकून धरलं', आणि त्याच दमात, 'दोघंही खाली जायला लागलो, मग आजोबांनी कासरा टाकला'. बाळा, मग तुम्हाला दोघांना काढलं कुणी? वर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यानं. पाय टेकवून, कासरा हाताला गुंडाळून, ओरडत असेल, 'धरा रे, धरा'. त्यांच्या पाठीला कुणी टॉवेल बांधला नाही. गणपतीत उभं केलं तुला. आणि त्या वेळी बंडूला निदान माहीत तरी होतं आपण बुडतोय म्हणून. आज त्याला वाटतंय तो पोहतोय आणि बुडतोयस तू.

येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, येतेय. तुमच्या भागात त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप कर, पाच दगडांचे पांडव मांड, भज्जी आणि उंडे कर, आंबील जरा जास्त घाल. बंडूच्या आईला सकाळीच गाडीवर घेऊन ये. केंद्रात निरोप ठेव: 'तुझी आई आमच्या शेतात आहे, दुपारी जेवायला ये.' पोरांना ताकीद दे, महाराजांचं नाव कुणी काढायचं नाही. तो बहुतेक येणार नाही. आला तर बाहेरचं खात नाही म्हणेल, मग हरभऱ्याचे घाटे सोलून हातावर दे, त्याला कुठला नेम आडवा येत नाही. नाही आला तर संध्याकाळी आंबिलीचा तांब्या घेऊन तूच जा. फाटकावर ठेवून ये. पुढच्या येळवशीलाही.

— मावशी