आधी भाकर, मग वाणी

इंदूर

प्रिय बेटा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. देव आपल्याशी बोलतो का, आणि ती त्याचीच वाणी हे कसं ओळखायचं, असं विचारलंस. बाबांचं डायलिसिस, तुझी सुटलेली नोकरी, आणि त्यात प्रार्थनासभेत कुणीतरी तुला म्हणालं, "तू पाप लपवतोस, म्हणून देव बोलत नाही." हे वाक्य आधी मनातून काढून टाक. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनीही त्याला असंच सुनावलं होतं, आणि शेवटी देवाचा राग भडकला तो त्या मित्रांवर.

तीस वर्षांपूर्वी आमचे हे दवाखान्यात होते. रात्री बाकावर बसून मी डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट ठेवायचे. बोट पडेल तो देवाचा शब्द! एका रात्री ते पडलं इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या वंशावळीवर. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा आणखी कुणी. पुस्तक मिटून खूप रडले.

सकाळी आमच्या छावणी मोहल्ल्यातली शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन आली. म्हणाली, "वहिनी, आधी खा. मग घरी जाऊन झोपा, मी बसते इथे." झोपून उठले तेव्हा एलीया संदेष्टा आठवला. बायबलमधलं १ राजे, अध्याय १९. रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. वारा, भूकंप, अग्नी आणि ती शांत, मंद वाणी, हे सगळं चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर. आणि वाणीने विचारलं काय? "एलीया, तू येथे काय करत आहेस?" त्याने आधी सांगितलेलीच तक्रार पुन्हा शब्दशः सांगितली. देवाने ती ऐकून घेतली आणि पुढचं काम सांगितलं: परत जा, अलीशाला तुझ्या जागी संदेष्टा म्हणून अभिषेक कर.

मलाही 'का' याचं उत्तर मिळालं नाही. त्या दुपारी मनात एकच गोष्ट घोळत राहिली: दिरांना फोन कर. चार वर्षं आमचं बोलणं बंद होतं. माझ्या मनाने हे कधीच सुचवलं नसतं, म्हणून तर ओळखलं की ही देवाची वाणी. ते खंडव्याहून रात्रीच्या छोट्या लाइनीच्या गाडीने आले. हे वाचले नाहीत. पण उशाशी भाऊ होता.

प्रेषित पौल थेस्सलनीकरांना पत्रात सांगतो, सर्व गोष्टींची पारख करा. मनात आलेलं बायबलच्या वचनाशी ताडून बघ. कुणी 'देवाचा निरोप' म्हणून तुला भीती घातली, घाई केली, तर थांब, एखाद्या जाणत्या माणसाला विचार. आणि प्रार्थनेला शब्दच सापडले नाहीत तर स्तोत्र ८८ मोठ्याने वाच. ते अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे.

बाबांच्या डायलिसिसचे वार कळव. मंगळवार असला तर मी बसेन त्यांच्यापाशी. डबाही आणीन. तू घरी जाऊन झोप.

तुझी,
मावशी