वाचकांचे प्रश्न : कोकणातील सुवासिक कंदफुले

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून थोड्याच अंतरावर आहे. मागवलेले हायसिंथचे कांदे नुसती पाने धरून सुकले आणि निशिगंधाचे कांदे श्रावणात कुजले. आमच्या अंगणात सुवासिक कंदफुले होतील का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : अवश्य होतील, मात्र आपल्या दोन्ही कांद्यांचे दुखणे वेगवेगळे आहे. हायसिंथला फुलाचा दांडा नीट वर काढण्यासाठी दहा-बारा आठवडे ९ अंश सेल्सिअसच्या आसपासचा गारवा लागतो. किनाऱ्यावर तो मिळत नसल्याने हायसिंथचा नाद सोडावा.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. उष्णता त्याला मानवते. सोसत नाही ते मुळांशी साचलेले पाणी. म्हणून भरपूर उन्हाच्या जागी, पागोळ्यांपासून दूर, जांभ्याचे चिरे लावून वीतभर उंच वाफा करावा आणि मातीत कुजलेले शेणखत व नदीची वाळू मिसळावी. पुळणीची वाळू खारी असल्याने ती मुळीच वापरू नये. २ ते ३ सेंटिमीटर व्यासाचे टणक कांदे निवडून ते सुमारे ५ सेंटिमीटर खोल आणि २० सेंटिमीटर अंतरावर लावावेत. लागवडीचा काळ बहुधा मार्च ते मे असा सांगितला जातो. परंतु लावल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांनी फुले येतात, म्हणजे आपल्याकडे नेमक्या मुसळधार पावसात, त्यामुळे कोकणात पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये लागवड करणे मला अधिक योग्य वाटते. आपल्याला सुवासच हवा आहे, तेव्हा एकेरी जातच घ्यावी. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची ‘प्रज्वल’ त्यांपैकी आहे. दुहेरी फुले भरगच्च दिसतात, पण गंधाला उणी पडतात. एकदा फुललेला कांदा पुन्हा फुलत नाही, त्याच्या भोवतीची पिल्ले पुढे फुलतात. यासाठी दोन-तीन वर्षांनी गड्डे उकरून, पिल्ले सुटी करून, सावलीत महिनाभर विसावा देऊन ती पुन्हा लावावीत.

जिथे ओल हटतच नाही, तिथे निशिगंधाशी झगडण्यापेक्षा सोनटक्का लावावा. आगरातल्या पाटाच्या कडेची अर्धी सावली त्याला फार मानवते आणि ऐन पावसाळ्यात तो घमघमतो. फुलून गेलेले दांडे तेवढे बुडाशी कापावेत, म्हणजे नव्या कोंबांना जागा होते.

भुईचाफ्यासाठीही अवश्य एक कोपरा राखावा. उन्हाळ्यात पानांच्या आधीच त्याची फुले थेट जमिनीतून वर येतात आणि पाने पावसाबरोबर वाढतात. हिवाळ्यात ती पिवळी पडू लागली की पाणी थांबवावे. कंद मेला असे समजून कोणी ती जागा खणणार नाही, यासाठी तिथे एक खूण मात्र करून ठेवावी.