नेमकं काय बाधतंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जेवल्यावर पोट फुगतं, कळ मारते, कधी पातळ होतं, आणि कशामुळे ते काही केल्या कळत नाही, अशी तक्रार या वेळच्या बहुतेक पत्रांत आहे. घरी काय तपासता येतं, काय येत नाही आणि आहारात बदल किती करावा, याबद्दलची निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : घरपोच चाचणी मागवून बोटाच्या रक्ताचा थेंब पाठवला. अहवालात दूध, गहू, अंडी, बदाम धरून २६ पदार्थ लाल रंगात आले. हे सगळे बंद करायचे का?

नाही, या अहवालावरून एकही पदार्थ बंद करू नका. चाचणीत काय मोजलं ते अहवालावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बहुधा तिथे ‘आयजीजी’ किंवा ‘आयजीजी-४’ असं दिसेल. ही रक्तातल्या प्रतिपिंडांची नावं आहेत. आपण जे अन्न नेहमी खातो, त्याच्याविरुद्ध ही प्रतिपिंडं निरोगी माणसाच्या शरीरातही तयार होतात. त्या अन्नाची शरीराला ओळख आहे, एवढंच त्यातून कळतं. अ‍ॅलर्जीवर सवय लावण्याचे उपचार यशस्वी होतात, तेव्हाही आयजीजी-४ वाढतं. म्हणून लाल यादीत रोजच्या ताटातलेच पदार्थ सापडतात. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्ये आणि कॅनडातील संघटनेनं २०१२ मध्ये, अन्न न मानवण्याच्या निदानासाठी ही चाचणी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. केसांची तपासणी, हाताचा जोर पाहण्याची पद्धत आणि जेवल्यावर नाडी मोजणं यांनाही निदान म्हणून काही आधार नाही.

काहींना यादीप्रमाणे सगळं बंद केल्यावर खरोखरच बरं वाटतं. त्याचं कारण असं की २६ पदार्थ गेले की त्यांच्याबरोबर दूध, गहू, कांदा, तयार पाकिटातलं खाणं असं बरंच काही जातं, आणि खरा त्रासदायक पदार्थ त्यांतच कुठेतरी असतो. पण तो कुठला, हे कळत नाही, आणि उरलेले पंचवीस उगाच सुटतात. तुम्ही आधीच काही बंद केलं असेल, तर एकेक करून परत सुरू करा. फक्त ज्या पदार्थानं पूर्वी कधी अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली असेल, त्याला घरी हात लावू नका.

प्रश्न : अ‍ॅलर्जी आणि न मानवणं यांत फरक कसा ओळखायचा?

वेळ आणि मात्रा, या दोन गोष्टी बघा. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत येते, अगदी थोड्या अन्नानंही येते, आणि त्वचा, ओठ, घसा, श्वास यांवर दिसते. न मानवण्याचा त्रास मुख्यतः पोटाचा असतो आणि मात्रेवर ठरतो: घोटभर दूध चालतं, पेलाभर चालत नाही. अ‍ॅलर्जीचा संशय असलेला पदार्थ घरी ‘खाऊन बघायचा’ नाही. त्याची तपासणी डॉक्टरांसमोरच व्हायला हवी. श्वास घेताना त्रास, आवाज बसणं, चक्कर येऊन पडणं यांपैकी काही झालं तर तातडीची मदत बोलवा.

शौचातून रक्त, वजन आपोआप उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : पदार्थ काढून-घालून बघायची पद्धत दोनदा सुरू केली, पण मध्येच सगळा गोंधळ झाला. ती नीट कशी करायची?

घरी होण्याजोगी खरी चाचणी हीच आहे, त्यामुळे सविस्तर सांगतो. बहुतेकांची ती फसते, कारण ‘काढणं’ होतं आणि ‘घालणं’ राहून जातं.

पहिला आठवडा-दीड आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंदी करा. वहीत रकाने आखा: वेळ, काय खाल्लं, साधारण किती, त्रास कुठला, शून्य ते दहांत किती, शौचाचं स्वरूप (१ म्हणजे कडक खडे, ७ म्हणजे पाण्यासारखं), झोप, पाळीचा दिवस, औषधं. नोंद त्याच वेळी करायची. रात्री आठवून लिहिलं तर माणूस संशयाचेच पदार्थ आठवतो.

आता वही वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. रात्री जेवायला बसलात आणि चार घासांत पोट फुगलं, तर दोष त्या घासांचा असेलच असं नाही. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आकुंचन पावतं. ही शरीराची नेहमीची क्रिया आहे. दुपारच्या कांद्याचा किंवा कडधान्याचा न पचलेला भाग तोवर मोठ्या आतड्यात पोचलेला असतो, तिथल्या जिवाणूंनी त्याचा वायू केलेला असतो, आणि तो वायू रात्रीच्या जेवणानं हलतो. दुधातल्या साखरेचा त्रास बहुधा अर्ध्या ते दोन तासांत जाणवतो, गव्हा-कांद्यातल्या फ्रुक्टन या न पचणाऱ्या कर्बोदकाचा मात्र बराच उशिरा. म्हणून प्रत्येक त्रासाच्या मागचे चोवीस तास वाचा.

संशय ठरला की एकच पदार्थ किंवा एकच गट दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करा. लेबलं वाचावी लागतात: दूध हे दूध पावडर, व्हे, मिल्क सॉलिड्स या नावांनी बिस्किटांत आणि सूपच्या पाकिटांत असतं, कांदा-लसणाची पूड नुसत्या ‘मसाले’ या शब्दाआड असू शकते. या काळात नवा व्यायाम, नवं पूरक औषध, उपवास असं काही सुरू करू नका. चहा-कॉफी त्याच दिवशी तोडू नका. कॅफीन एकदम थांबवलं की साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं आणि ते आठवडाभरही राहू शकतं. मग ही डोकेदुखी भलत्याच पदार्थाच्या नावावर जमा होते. कॅफीन कमी करायचंच असेल तर ते आधी, हळूहळू करून घ्या.

चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर तो पदार्थ निर्दोष. तो त्याच दिवशी ताटात परत आणा आणि पुढच्या संशयिताकडे वळा. पदार्थ एकावर एक काढत जायचे नाहीत.

फरक पडला असेल, तर पोट चार-पाच दिवस शांत राहिल्यावर परत सुरू करा. पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमीइतकं. दुधाचं मोजमाप सोपं आहे: ६० मिलिलिटर, १२० मिलिलिटर, २५० मिलिलिटर. दुधात १०० मिलिलिटरला सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं, म्हणजे या मात्रांत अनुक्रमे ३, ६ आणि साधारण १२ ग्रॅम. लसणाची पाव, अर्धी, एक पाकळी. त्रास झाला की तिथेच थांबा, मात्रा लिहा, पोट निवळू द्या आणि पुढच्या पदार्थाआधी तीन दिवस मोकळे सोडा.

चाचणीचा पदार्थ शुद्ध हवा. गव्हाची परीक्षा लसूण घातलेल्या ब्रेडवर किंवा चीज पसरलेल्या पिझ्झावर होत नाही. साधा उकडलेला पास्ता घ्या. पाळीच्या आधीचे दिवस, सर्दी-तापाचे दिवस, प्रतिजैविकं चालू असतानाचे दिवस टाळा. बद्धकोष्ठता असेल तर आधी ती सोडवा, कारण आतडं भरलेलं असताना काहीही खाल्लं तरी पोट फुगतं.

आणि एकदा त्रास झाला म्हणून निकाल लावू नका. तीच मात्रा, तसाच दिवस, पुन्हा एकदा. दोन्ही वेळा त्रास झाला तरच तो धरा.

प्रश्न : दूध प्यायलं की मला त्रास होतो. घरचे म्हणतात, हे मनाचे खेळ आहेत. याची शहानिशा करता येईल का?

करता येईल, आणि करावी. त्रास होणार अशी धास्ती असली की आतड्याच्या संवेदना तीव्र होतात, हे खरं आहे. पण म्हणून ती कळ खोटी नसते. प्रश्न एवढाच की ती दुधानं उठते का.

साधं दूध आणि लॅक्टोज काढलेलं दूध, दोन्ही सारख्याच स्निग्धांशाचं घ्या. लॅक्टोज काढलेल्या दुधात ती साखर आधीच ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांत फोडलेली असते, म्हणून ते किंचित गोड लागतं आणि तिथेच भांडं फुटतं. त्यावर उपाय म्हणजे दोन्हींत चमचाभर कोको घालायचा आणि साध्या दुधात साखर थोडी जास्त घालून चव जुळवायची. ही जुळवाजुळव घरातल्या दुसऱ्या माणसानं करायची आणि स्वतः चाखून बघायची.

दर वेळी त्यानं नाणं उडवून कुठलं दूध द्यायचं ते ठरवावं, २५० मिलिलिटर द्यावं आणि चिठ्ठी पाकिटात बंद करावी. तुम्ही ते रिकाम्या पोटी प्या, चार तास दुसरं काही खाऊ नका, आणि संध्याकाळी ‘साधं’ की ‘लॅक्टोजविरहित’ ते लिहून टाका. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं अशा सहा फेऱ्या करा, पाकिटं शेवटी एकदम उघडा. नुसत्या अंदाजानं सहाच्या सहा बरोबर येण्याची शक्यता ६४ मध्ये १ आहे. पाच बरोबर आले तर आणखी दोन-तीन फेऱ्या घ्या. तीन-चारच बरोबर आले तर कारण लॅक्टोजबाहेर शोधा. दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र हे करू नये. लॅक्टोज काढलेल्या दुधातही प्रथिनं तशीच असतात.

दवाखान्यात श्वासातला हायड्रोजन मोजूनही हे तपासतात. लॅक्टोज प्यायल्यावर तीन तासांच्या आत तो मूळ पातळीपेक्षा २० पीपीएमनं (दहा लाख भागांत २० भाग) किंवा जास्त वाढला, तर लॅक्टोज पचत नाही असं धरतात. पण न पचणाऱ्या सगळ्यांना त्रास होतोच असं नाही, म्हणून त्या आकड्याशेजारी तुमच्या नोंदी लागतातच.

प्रश्न : गहू सोडल्यापासून बरं वाटतंय. आता सीलिॲकची रक्तचाचणी करू का?

ही चाचणी गहू खात असतानाच करायची असते. सीलिॲक या आजारात ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे शरीर आतड्यावरच उलटतं. ग्लुटेन थांबलं की रक्तातली प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, आतडं भरून येतं आणि आजार असूनही अहवाल कोरा येतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चाचणीआधी निदान सहा आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन असावं लागतं. तेवढं झेपत नसेल तर डॉक्टरांशी बोला. जनुकांची तपासणी गहू सोडलेला असतानाही करता येते आणि ती नकारार्थी आली तर सीलिॲक जवळजवळ निकालात निघतो. रक्तचाचणीत टीटीजी-आयजीए (सीलिॲकमध्ये वाढणारी आयजीए जातीची प्रतिपिंडं) बरोबर एकूण आयजीएही मागा. एकूणच आयजीए कमी असलेल्या माणसात पहिला आकडा फसवा ठरतो.

सीलिॲक नाही असं नक्की झालं, तर दोष ग्लुटेनचाच आहे असं धरून चालू नका. ऑस्लोमधल्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ग्लुटेन सोसत नाही असं सांगणाऱ्या ५९ जणांना आत काय आहे ते न कळवता ग्लुटेनच्या, फ्रुक्टनच्या आणि दोन्ही नसलेल्या वड्या आठवडाभर दिल्या. त्रास फ्रुक्टनच्या वडीनं जास्त झाला. हे तुमच्या बाबतीत खरं असेल तर गव्हाची छोटी मात्रा किंवा बराच वेळ आंबवलेला सावरडो ब्रेड चालून जाईल, कारण आंबताना फ्रुक्टनचा बराच भाग खपतो. सीलिॲक असलेल्यांना मात्र तोही वर्ज्यच.

प्रश्न : लसणानं त्रास होतो हे नक्की झालं. चव कायमची सोडायची का?

चव तेलात घ्या. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. पाकळ्या मोठ्याच ठेवून तेलात मंद परता, वास उतरला की सगळ्या काढून टाका आणि मग पाणी, टोमॅटो वगैरे घाला. रश्श्यात शिजवून पाकळ्या काढल्या तर उपयोग नाही, तोवर फ्रुक्टन पाण्यात उतरलेलं असतं. हे तेल ताजंच करा. लसणाचं घरगुती तेल बाहेर ठेवलं तर त्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि ते वासावरून कळत नाही. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग वापरा, पांढरा नको. डबाबंद कडधान्यं निथळून, धुऊन घेतली की त्यांचाही त्रास बराच उतरतो.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाचं पोट दुखतं. दूध बंद करून बघू?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जुलाबाच्या आजारानंतर दूध काही आठवडे पचत नाही, पण ते बहुधा आपोआप सावरतं. मुलाला इसब असेल तर जास्तच जपा: बराच काळ बंद ठेवलेला पदार्थ परत देताना अशा मुलांमध्ये तीव्र अ‍ॅलर्जी उमटल्याची उदाहरणं आहेत.

प्रश्न : लॅक्टोज पचत नाही हे ठरलं. मग दूध कायमचं बंद?

बहुतेकांना तशी गरज पडत नाही. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी बरेच जण एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारशा त्रासाविना घेऊ शकतात, आणि जेवणाबरोबर घेतल्यास आणखी सोपं जातं. तुमची मात्रा वहीतल्या तीन पायऱ्यांवरून कळलेलीच आहे. मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळपास नसतंच, दह्यातले जिवाणू ते पचवायला मदत करतात. लॅक्टेजची (लॅक्टोज फोडणाऱ्या विकराची) गोळी घ्यायची तर पहिल्या घासाबरोबर. जेवून झाल्यावर घेतली तर तिचा फारसा उपयोग नाही.

दूध कमी केलं तर कॅल्शियमचा हिशेब ठेवा. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम लागतं. सोया किंवा ओटच्या पेयावर १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम घातल्याचं लिहिलेलं हवं, आणि ते तळाशी बसतं म्हणून बाटली दर वेळी जोरात हलवून घ्या. पालकावर विसंबू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. दर सहा महिन्यांनी ६०, १२०, २५० मिलिलिटरची फेरी पुन्हा करा. जुलाबाच्या एखाद्या आजारानंतर बिघडलेलं पचन तोवर पुष्कळदा सुधारलेलं असतं.