मधल्या सुट्टीतली नवी मुलगी

प्रश्न : ताई, आमच्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये अकरावीत आलेल्या नव्या मुलीची ‘बडी’ म्हणून मला नेमलंय. शाळा दाखवून झाली, पण मधल्या सुट्टीत ती एकटीच लायब्ररीत बसते. काय करू?

उत्तर : शाळा दाखवणं सोपं गं, खरी पंचाईत मधल्या सुट्टीतच. हातात ट्रे घेऊन ‘कुठे बसू?’ असं भिरभिर बघण्यापेक्षा लायब्ररी बरी वाटते. ‘ये कधीतरी आमच्यात’ असं मोघम म्हणू नकोस. तास संपला की तिच्या बाकापाशी जा, सोबतच निघा. आयबी डिप्लोमा (अकरावी-बारावीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) असेल तर 6 विषयांपैकी हायर लेव्हलला, म्हणजे जास्त खोलात शिकायला, कोणते घ्यायचे, हा घोळ डोक्यात असणारच. विषय बदलायची मुभा सहसा सुरुवातीलाच असते, तेवढं लगेच सांग. आणि तुमच्या कॅसच्या, म्हणजे अभ्यासक्रमातल्या कला-खेळ-समाजसेवा उपक्रमांच्या, गटात जागा असेल तर तिला ओढच!